पंच्याची गाठ

ब्रेक पॅड मी घरीच बदलणार म्हटल्यावर नवरा हसला. "गॅरेजवाल्याच्या पोटावर कशाला पाय देतेस?" म्हणाला आणि ड्युटीवर गेला. मला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं आणि हात चालायला लागतात. हायब्रिड गाडीचे पॅड लवकर झिजत नाहीत म्हणतात, पण आमचं पुढचं उजवं चाक असं किंचाळायचं की स्टँडवरचे रिक्षावाले वळून बघायचे.

एक गोष्ट मात्र मी व्हिडिओत पुन्हा पुन्हा ऐकली होती. आमच्या गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला, की गाडी बंद असली तरी ब्रेकचा पंप जागा होतो. त्या वेळी ब्रेक खोललेला असला आणि आत माझी बोटं असली, तर पिस्टन ती चेमटणार. आधी बॅटरीची तार काढा, असं सांगितलं होतं. पण तिचा नट गंजून असा बसला होता की माझ्याच्यानं हलेना. मग गाडी लॉक केली आणि माझी किल्ली घरात लांब ठेवून आले.

दुसरी किल्ली सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात असते; ती जवळ असली की हँडलला हात लावताच कुलूप उघडतं. रोज सकाळी ते डॅशबोर्डवरच्या गणपतीला जास्वंदीचं फूल ठेवतात, तेवढ्यासाठी. मागे एकदा ते स्कूटर घेऊन कोन गावाला गेले आणि परत यायचा रस्ताच आठवेना, म्हणून तिथेच उभे राहिले. तेव्हापासून स्कूटरची किल्ली गेली, मग कपाटाची, मग घराची. मागितली की ते काढून द्यायचे. "गाडीचीही घेऊन ठेव," असं नवरा म्हणतच होता. पण ही शेवटची किल्ली मागायला माझी जीभ रेटेना. मी फक्त सांगितलं, "बाबा, मी सांगेपर्यंत हा दरवाजा उघडायचा नाही. माझी बोटं आत असणार."

"नाय उघडत," ते म्हणाले. मी जॅक आणायला आत गेले, तोवर ते त्या दरवाजाला पाठ लावून खुर्ची टाकून बसले होते.

चाक काढलं, ब्रेकचा जबडा खोलला. जुने पॅड पापडासारखे झाले होते. पिस्टन मागे दाबला, नवे पॅड बसवले आणि जबडा त्यांच्यावर उतरवू लागले, तर माझी दोन बोटं फटीत अडकली. तेवढ्यात सासरे उठले. हातात जास्वंद. चेहरा रोजच्या सकाळसारखा शांत. मघाचं सगळं पुसलं गेलंय, हे मला तिथूनच कळलं. मी "बाबा" म्हणेपर्यंत त्यांचा हात हँडलवर गेलासुद्धा.

"ह्यो पंचा कोनी बांधलाय?" ते चिडून म्हणाले.

पुढच्या आणि मागच्या दरवाजाची हँडलं पंच्यानं एकमेकांना आवळून टाकलेली होती. मी काही बांधला नव्हता. त्यांनी गाठ चाचपली आणि बोटं तिथेच थांबली. तरुणपणी मिठागरात गोण्यांची तोंडं बांधायचे ती गाठ. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ती येत नाही.

"गाठ तं माझीच हाय," ते पुटपुटले. "मीच बांधलीय म्हंजी कायतरी कारन असंल."

आणि फूल हातात धरून ते पुन्हा खुर्चीवर बसले.

मी बोटं सोडवून घेतली आणि तिथेच फरशीवर बसून रडले. आपण विसरणार हे त्यांना ठाऊक होतं. मी जॅक आणायला गेले तेवढ्यात त्यांनी स्वतःचाच बंदोबस्त करून ठेवला होता. माझी इतकी काळजी माहेरीही कुणी घेतली नसेल. देवाचे आभार मला नीटसे मानता येत नाहीत, त्या दिवशी मी त्या पंच्याला हात जोडले.

चाक बसवून झाल्यावर म्हटलं, "बाबा, आता सोडा." माझ्याच्यानं ती गाठ सुटली नसती; त्यांनी एका हिसक्यात सोडली.

"कशाला बांधलेली गं, पोरी?"

"माझी बोटं वाचवायला."

त्यांनी माझा ग्रीसनं काळा झालेला हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "हायत ना सगली?"

"आहेत, बाबा."

मग त्यांनी दरवाजा उघडला, मलूल झालेलं फूल गणपतीपुढे ठेवलं आणि किल्ली परत बंडीच्या खिशात टाकली. ती आता मी कुणाला मागू देणार नाही.