दिसेल ते बोल

घरी पाहुणे आले की माझी उत्तरं आई देते, इतकी मी कमी बोलते. गाडीत मात्र अखंड बोलत असते. गाडी मी चांगली चालवते, ती त्या बोलण्यामुळेच.

बारावीनंतर बोईसरच्या एका ड्रायव्हिंग क्लासला जायला लागले. शिकवणाऱ्या सरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि त्यांचा पाय कायम त्यावर. मी तोंड मिटून समोर बघत राहायची. शेवटी ते म्हणाले, "तुला काय दिसतं ते मला कसं कळणार? दिसेल ते बोल. तू बोललीस की मी पाय काढतो."

शाळा इंग्रजी, त्यात अंगभूत संकोच. मी सुरुवात केली: "ऑटो. सायकल. काऊ."

"गाय हाय ते मला पण दिसतं," सर म्हणाले. "ती आता काय करेल ते सांग."

हळूहळू माझी वाक्यं लांबली. रिक्षा थांबलीय, उजवीकडून कोणी उतरेल. कंपनीची शिफ्ट सुटलीय, सायकलवाले गप्पा मारत जोडीनं येतील, एखादा बाहेर सरकेल. एकदा वळणावर सहज खाली पाहिलं, तर सर मांडी घालून बसले होते.

माझ्या धाकट्या भावाला बाबांनी कॉलनीतच शिकवलं. कॉलनीचे रस्ते सरळ, सावलीचे, गाड्या मोजक्या. एका दमात तो गाडी उलटी घेऊन दोन खांबांमध्ये लावतो. मला अजून ते जमत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन्स आलं आणि त्यानं जाहीर केलं की येत्या रविवारी मित्रांना घेऊन तो जवळच्या दांडी गावाला समुद्रावर जाणार. आईनं क्लासचा विषय काढला. बाबा म्हणाले, आम्हाला कोणी शिकवलं होतं, चालवत चालवत येतं. बरंच बोलणं झाल्यावर त्यांनी तोडगा काढला: ताईला घेऊन एक चक्कर मार, ती हो म्हणाली तर किल्ली तुझी. भावानं त्याच मिनिटाला मित्रांना कळवून टाकलं. घरात मी कशालाही नाही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

गाडी त्यानं सफाईनं बाहेर काढली. एमआयडीसीकडे वळलो तसं मी म्हटलं, दिसेल ते बोल.

"काय बोलू? रस्ता मोकळा आहे."

डाव्या कडेला टँकर ओळीनं उभे होते. त्यांतल्या एकाच्या पोटाखालून, चाकांच्या मधून, मला रबरी चपलांतले दोन पाय दिसले. ते पुढच्या टोकाकडे चालले होते.

"पाय," मी म्हटलं.

"कुठले पाय?"

"ब्रेक मार."

त्यानं मारला. टँकरच्या पुढून हातात पाण्याचा कॅन घेतलेला क्लीनर आमच्या बॉनेटसमोर आला, हात वर केला आणि समोरच्या चहाच्या टपरीकडे गेला. मागचा बाइकवाला हिंदीत काहीतरी पुटपुटला. बस, एवढंच.

"थांबलो ना मी," भाऊ म्हणाला.

"मी बोलले म्हणून थांबलास. रविवारी कोण बोलणार?"

त्यानं गिअर टाकला आणि गाडी घराकडे वळवली.

घरी बाबांनी किल्ली हातात घेऊनच विचारलं, "मग? द्यायची ना?"

"नाही," मी म्हटलं. "हात तयार आहे त्याचा, नजर नाही. क्लासला जाऊ दे."

"लायसन्स आहे त्याच्याकडे."

"बाबा, तुम्ही शिकलात तेव्हा रस्त्यावर एवढे टँकर होते का?"

बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. भाऊ आत जाता जाता म्हणाला, "चला काकूबाई, आता तुम्हीच न्या आम्हाला."

मी नेलं. रविवारी त्याचे मित्र मागे दाटीवाटीनं बसले आणि तो माझ्या शेजारी, तोंड फुगवून. मी नेहमीसारखी बोलायला लागले. मागून एकजण म्हणाला, "भाई, तुझ्या ताईची कॉमेंट्री चालू झाली." सगळे हसले. एरवी एवढ्या हसण्यानं मी महिनाभर गप्प झाले असते. स्टीअरिंगवर हात असताना तसं होत नाही. मी बोलत राहिले: बस थांबेल, हा कुत्रा परत फिरेल, तो पोरगा बॉलमागे धावेल.

कारखाने मागे पडले. रस्ता अरुंद झाला. पुढचं वाक्य मी बोलणार, तेवढ्यात शेजारून हळू आवाज आला.

"पुढे टमटम थांबलीय. मागच्या मावशींच्या मांडीवर टोपली आहे. त्या रस्त्याच्या बाजूनं उतरतील."

मागे पुन्हा हसू फुटलं. मावशी रस्त्याच्या बाजूनंच उतरल्या, टोपली सावरत, मागे न बघता. माझा पाय आधीच ब्रेकवर होता. ते मी त्याला सांगितलं नाही.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे वळण. पलीकडचं दिसत नाही."

"मग?"

"मग हळू."

मी वेग कमी केला आणि गप्प बसले. दांडीपर्यंत तोच बोलत होता. परतताना क्लास किती वाजता असतो, एवढंच त्यानं विचारलं.