सर्वेशच्या नावाने चषक नको

माझ्या भावाच्या नावाने कुणी टुर्नामेंट ठेवायची नाही. नाही म्हणजे नाही.

आज सर्वेशला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून बघतेय, ज्याच्या त्याच्या स्टेटसला त्याचा फोटो. 'पेडण्याचा हिरा हरपला.'

हरपला कसला? तुम्ही घालवलात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तर वाचायलाच हवं.

आमचे बाबा पाळी गावच्या खाणीवर टिप्पर चालवायचे. खाण बंद पडली आणि ते गावी परत येऊन शेती बघू लागले. सर्वेश तेव्हापासून एकच घोकायचा, प्रोफेशनल फुटबॉल खेळणार. करारावर सही, दर महिन्याला पगार, आणि शर्टाच्या पाठीवर आपलं नाव.

लेफ्ट विंगला खेळायचा. बहीण म्हणून सांगत नाही, त्याच्या पायात बॉल आला की बसलेली म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची.

मडगावच्या बाजूच्या एका क्लबने त्याला ट्रायलला बोलावलं आणि निवडलं. कोचने बजावलं होतं, गुडघा थोडा सुजलाय, सोमवारी कॅम्पला ये, तोवर बॉलला पाय लावू नकोस.

घरी आला तो थेट स्वयंपाकघरात. आईने उंडे पाव आणि पातळ भाजी वाढली. खाता खाताच रडला वेडा.

आणि नेमकी आदल्याच दिवशी, रविवारी गावची फायनल.

आमच्याकडे भात कापून झालं की शेतातच गोलपोस्ट उभे राहतात आणि वाड्यावाड्यांची टुर्नामेंट लागते. मंडळाचे लोक घरी आले. अध्यक्ष म्हणजे आमचे शेजारीच, जन्मापासून त्यांना काका म्हणतोय. सर्वेशने गुडघा दाखवला. आई म्हणाली, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, या वर्षी सोडा त्याला.

काकांनी वाद घातला नाही. शांतपणे म्हणाले, "मग देवाला विचारूया."

तिथेच आम्ही अडकलो. देवाला विचारूया म्हटल्यावर आमच्या गावात 'नको' कोण म्हणणार?

सर्वेशने फायनल खेळावी का, म्हणून देवळात गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांचं 'व्हय महाराजा' झालं. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. घाटावरच्या मित्रांसाठी सांगते, याला कौल म्हणतात. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार.

पाकळी पडली.

डावी.

मी बघितली. आईने बघितली. देवळात उभ्या असलेल्या सगळ्यांनी बघितली.

काका म्हणाले, पाकळी नीट चिकटली नव्हती, परत लावा.

माझी आई सावंतवाडीकडची. चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी बायकांच्या घोळक्यातून बोलली, "देवान एकदा नाय सांगल्यान ना? मग परत कित्याक?"

कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

पाकळ्या परत लावल्या. या खेपेला उजवी पडली. सगळे खूश. बाबांनी मुकाट हात जोडले. कौल झाला म्हणजे झाला, त्यापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

देवावर माझा राग नाही हां. देवाने पहिल्यांदाच काय ते स्पष्ट सांगितलं होतं.

रविवारी सर्वेश खेळला. शेतातली मेर, म्हणजे बांध, नीट सपाट करायचंही मंडळाला जमलं नव्हतं. सेकंड हाफमध्ये तो बॉल घेऊन वळला आणि पाय त्या मेरेत अडकला. लिगामेंट गेलं.

चषक मात्र आमच्या वाड्याने जिंकला. ढोलताशे वाजवत मिरवणूक आमच्या दारावरून गेली. सर्वेश आत उशीवर पाय ठेवून पडला होता. दोन मिनिटं आत येऊन त्याला बघावं असं एकालाही वाटलं नाही. लाज कशी वाटली नाही, मी अजून विचारते.

सोमवारी कॅम्प सुरू झाला. त्याच्याशिवाय.

पुढे ऑपरेशन झालं. बरा होऊन त्याने परत सुरुवात केली. डिचोलीच्या एका क्लबने घेतलं आणि बेंचवर बसवून ठेवलं. दुसऱ्या एकाने 'बघू' म्हटलं. त्या 'बघू'वर माझा भाऊ जगत होता. मुरगावला बंदरात कंत्राटी काम धरलं. शूज कायम स्कूटरच्या डिकीत. ड्युटी सुटली की प्रॅक्टिस.

मी म्हणायची, सोड रे आता, किती जीव काढशील?

"ताई, एक सीझन," म्हणायचा. "फक्त एक पूर्ण सीझन खेळू दे मला."

असंच एकदा ड्युटीवरून प्रॅक्टिसला जाताना त्याला ट्रकने उडवलं. डिकीतले शूज पोलिसांनी घरी आणून दिले. ते अजून धुतलेले नाहीत.

आणि परवा तेच काका आमच्या घरी आले. मोबाईलवर बॅनरचं डिझाइन घेऊन. 'सर्वेश स्मृती चषक.' त्याच शेतात. आईने उद्घाटन करावं, पहिली किक तिने मारावी अशी सगळ्यांची इच्छा आहे म्हणे.

आईने त्यांना चहा दिला. मग विचारलं, देवाचा कौल घेतलात?

काका हसले. म्हणाले, वयनी, ह्याला कसला कौल घ्यायचा?

"मग ह्या खेपेक माझो कौल घेवा," आई म्हणाली. "नाय. आनी परत इचारू नकात."

काका चहा तसाच ठेवून उठले.

म्हणून ही पोस्ट. ज्यांना ज्यांना बॅनरवर स्वतःचा फोटो छापायचा आहे त्यांनी नीट वाचा. आईने एकदा सांगितलंय.

सर्वेश, बाळा, तू निवांत पड. आता तुला कुणी शेतात ओढून नेणार नाही. आई दारात उभी आहे.

तुझी ताई