दाऊदचाचांची हाक

आखाती लढाईच्या दिवसांत आम्ही सौदीत होतो असं म्हटलं, की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांना क्षेपणास्त्रं ऐकायची असतात. माझ्याकडे निघतात ते ट्रकच्या ट्यूबवर बसून केलेल्या सहलींचे किस्से! काय करणार, भीती रोजचीच होती, तिचे किस्से होत नाहीत. साठले ते शुक्रवारच्या सुट्टीचे.

तबूकला आमच्या ह्यांची बांधकाम कंपनीत नोकरी होती. तिथून बऱ्याच अंतरावर, उघड्याबोडक्या डोंगरांत एक अरुंद घळ होती आणि तिच्यात चक्क झऱ्याचं वाहतं पाणी! कुठे गुडघ्याएवढं, कुठे कमरेएवढं. कंपनीच्या गॅरेजमधले मेकॅनिक दाऊदचाचा ट्यूबा एकमेकींना बांधून आम्हा चार-पाच कुटुंबांना त्यातून फिरवून आणायचे. चाचा रत्नागिरीकडचे, घराणं खाडीवर होडी चालवणारं. इथे वल्ह्याऐवजी हातात परांचीचा लोखंडी पाइप.

त्यांचा नियम एकच. "चपला हातात घ्या. वाहून गेल्या तर मी परत फिरायचा नाय."

एकदा मॅनेजरसाहेब नवेकोरे बूट घालून, पाय पाण्यात सोडून बसले. पलीकडे उतरले तेव्हा एकाच पायात बूट! चाचांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "सायेब, उरला तो तरी हातात घ्या."

*

चाचांची दुसरी सवय म्हणजे हाक. पाइप रेटण्याआधी काठाकडे तोंड करून ओरडायचे, "कोन हाय काय रं अजून?"

काठावर कोण असणार? दगड आणि आमच्या उभ्या गाड्या! प्रतिध्वनी यायचा आणि पोरं खिदळायची. माझी लेक चिनू एकदा म्हणाली, "चाचा, देअर इज नोबडी!"

"आमच्या खाडीवर होडी सुटली की ऱ्हायलेला मानूस पुढच्या भरतीपातूर अडकतो, बेटा. हाक मारल्याबिगर सुटायचं नाय."

मग ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं. चाचांचा मुलगा सलीम तिथे एसी दुरुस्त करायचा. फोन बंद, पत्रं बंद. त्यानंतरच्या सहलींत चाचांची हाक जरा लांबायला लागली. पोरं हसत राहिली, आम्ही मोठे मात्र हसेनासे झालो.

*

घळीत रेडिओ लागायचा नाही. मला तर तेवढ्यासाठीच ती आवडायची! आमच्या ह्यांना मात्र बातम्यांशिवाय चैन पडत नसे. एका शुक्रवारी हे रेडिओ डोक्यावर धरून ट्यूबवर उभे राहिले आणि पुढच्या क्षणी रेडिओसकट पाण्यात!

चाचांनी दंडाला धरून त्यांना वर काढलं. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. पण चाचांनी हळूच विचारलं, "काय म्हनत होता? कुवेतचं काय?"

"नुसती खरखर होती, चाचा."

"मग बरं," चाचा म्हणाले.

*

हिवाळ्याच्या तोंडाला कंपनीनं गॅस मास्क वाटले. ते सतत जवळ ठेवायचे असा हुकूम! त्याच आठवड्यात आम्ही घळीत असताना डोक्यावरून लढाऊ विमान गेलं. असा आवाज, की दगड हलले असं वाटलं. शेजारच्या वहिनींनी घाईघाईनं मास्कची पिशवी उघडली आणि आतून निघाला थालीपिठांचा डबा.

"अगंबाई, मास्क ओट्यावरच राहिला!"

सगळे पोट धरून हसले. मला काही हसू येईना. चिनूच्या मापाचा मास्क कंपनीकडे नव्हताच. मी तिला कवटाळून वर बघत बसले होते. तेवढ्यात चाचा खेकसले, "वर बघू नका. पान्याकडं बघा. खडक खाली हायत!"

*

जानेवारीत इराकवर बॉम्ब पडायला लागले आणि सहली थांबल्या. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून आम्ही घरात बसलो. चाचा गॅरेजात ट्यूबा तपासत बसायचे. हे एकदा त्यांना म्हणाले, "चाचा, ही तर शाबूत आहे. पंक्चर कुठलं शोधताय?"

"ठावं हाय. पन हातांना कायतरी काम पायजे ना!"

कुवेत सुटलं. तिथे अडकलेल्यांचे हळूहळू घरी फोन जायला लागले. सलीमचा कुणालाच आला नाही. त्याच्याबद्दल चाचांना विचारायचंही आम्ही सोडून दिलं.

*

लढाई थांबून काही आठवडे झाल्यावर पोरांनी हट्ट धरला आणि चाचा कसेबसे तयार झाले. ट्यूबा पाण्यात सोडल्या, चपला हातात घेतल्या. चाचांनी पाइप रेटला.

"चाचा, हाक?" चिनू म्हणाली.

"खलास, बेटा. आता कोन यायचा ऱ्हायलाय?"

मी तर बाजारात भाव विचारायलासुद्धा ह्यांना पुढे करणारी बाई! पण त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी तशीच उठून उभी राहिले, ट्यूब कलंडायला आली, आणि जीव खाऊन ओरडले, "कोण आहे का अजून?"

प्रतिध्वनी आला. या वेळी पोरंही हसली नाहीत. चाचांनी पुन्हा पाइप उचलला.

एवढ्यात काठावर कुठल्या तरी गाडीचं दार वाजलं.

"हाय, मी हाय! थांबवा!"

उतारावरून एक हाडकुळा, दाढी वाढलेला माणूस धावत येत होता. अंगभर धूळ, हातात प्लॅस्टिकची पिशवी. "अब्बा, थांबा!"

तो कुवेतहून तबूकपर्यंत कसा पोचला आणि त्याला घळीची वाट कुणी दाखवली, हे मला आजही माहीत नाही.

चाचांनी मान वळवली नाही. पाइप तळात रोवून दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"चपला हातात घे," ते म्हणाले.