पुढचं डावं दार आणि कुमुदमावशीचा ब्लाउज

आमच्या गाडीचं पुढचं डावं दार मी घरच्या घरी दुरुस्त केलं, आणि त्यामुळे माझ्या आईची तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीशी भेट झाली नाही.

एवढंच घडलं. पण एवढंच सांगून थांबलो तर माझी अब्रू थोडी तरी शिल्लक राहील, म्हणून सगळं सांगतो.

आई मिरजेहून आमच्याकडे बेसिंगस्टोकला तीन महिन्यांसाठी आली होती. तिची मैत्रीण म्हणजे कुमुदमावशी. दोघींनी मिळून मिरजेत एकोणीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. मावशी बेतायची, आई शिवायची. मग मावशी मुलाकडे लंडनला, हाउन्सलोला आली आणि तिथलीच झाली. दर रविवारी फोन. भेट मात्र तेवीस वर्षांत एकदाही नाही. आईच्या इंग्लंडवारीचं खरं कारण मी नव्हतोच. (मुलगा व्हिडिओ कॉलवर पुरेसा दिसतो, असं तिचं स्पष्ट मत आहे.)

बेसिंगस्टोक ते हाउन्सलो म्हणजे तासाभराचा रस्ता. तीन महिन्यांत कधीही जाता आलं असतं. पण एका शनिवारी मला कुंपण रंगवायचं होतं, एका शनिवारी पाऊस होता, एका शनिवारी मी नुसताच दमलेलो होतो. "पुढच्या शनिवारी नक्की," असं मी आईला इतक्या वेळा म्हणालो की शेवटी तिने विचारणं सोडून दिलं.

आणि मग मावशीचा फोन आला. मुलीने ऑस्ट्रेलियाला कायमचं बोलावलं होतं. शनिवारी संध्याकाळचं विमान, दुपारी दोनला घरून निघणार.

"म्हणजे शनिवारी सकाळी जायचंच," आई म्हणाली. या वेळी तिने मला विचारलं नव्हतं.

तिने तीन दिवस खपून मावशीसाठी मोरपंखी ब्लाउज हाताने शिवला. मापं फोनवरून घेतली होती. दोन डबे भरून खोबऱ्याच्या वड्या केल्या. शनिवारी सकाळी नऊला ती नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, हॉलमध्ये बसली. आम्हाला साडेदहाला निघायचं होतं.

मी गाडी काढायला गेलो. पुढचं डावं दार उघडेना.

बाहेरून ओढलं, आतून ओढलं. हँडल नुसतं लुळं हलायचं. आता, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाय लांब करून बसायचं म्हणजे तिला पुढचीच सीट लागते. मागे ती शिरूच शकत नाही.

"टॅक्सी बोलव," माझी बायको मेधा म्हणाली.

"टॅक्सी कशाला? अर्ध्या तासाचं काम आहे. मी व्हिडिओ बघितलाय."

"कधी?"

"आत्ता. बघतोय."

व्हिडिओतल्या माणसाला दंडावर गोंदण होतं आणि हातात बारा अवजारं होती. माझ्याकडे एक स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड आणि आत्मविश्वास होता.

मी ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरलो, पलीकडच्या सीटवर सरकलो आणि दाराच्या आतलं पॅनेल उचकटायला लागलो. त्यातल्या प्लास्टिकच्या क्लिपा बाहेर येताना टिक् असा आवाज करतात. मोडतानाही तोच करतात! मला वाटलं, छान निघतायत. अकरापैकी आठ मोडल्या होत्या, हे नंतर कळलं.

तेवढ्यात गाडीचा अलार्म वाजायला लागला. पँटच्या खिशातल्या किल्लीवर मीच बसलो होतो, त्यामुळे बटण दाबलं जाऊन गाडी लॉक झाली होती, आणि आता आत हलणारा चोर म्हणजे मी होतो. मी जितका किल्ली शोधायला वळवळलो तितका तो अलार्म जिवाच्या आकांताने ओरडायला लागला. गल्लीतली सगळी दारं उघडली. (आमचं सोडून.)

शेजारचे ग्रॅहम बाहेर आले. निवृत्त, सत्तरीचे, अतिशय सभ्य. काचेतून वाकून म्हणाले, "एव्हरीथिंग ऑल राइट?"

हा प्रश्न इंग्रज माणूस सगळं बिघडल्याची खात्री पटल्यावरच विचारतो. मला एकदाची किल्ली सापडली, अलार्म बंद केला आणि घामाघूम होऊन मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. ते म्हणाले, मला बारापर्यंत काही काम नाही, माझी गाडी मोठी आहे, तुझ्या आईला मीच सोडून येतो की!

आणि मी म्हणालो, "नो नो, ग्रॅहम. ऑलमोस्ट डन."

मला आजही अंघोळ करताना मध्येच हे वाक्य आठवतं आणि मी मोठ्याने "छे!" म्हणतो.

दहा पन्नासला मी आतली केबल पकडीने ओढली आणि खट्! दार उघडलं! मी अक्षरशः ओरडलो. आई काठी टेकत फाटकापर्यंत आली. "उघडलं का रे? माझा गुणाचा तो!" ती म्हणाली. मेधाच्या चेहऱ्यावरसुद्धा काही क्षण आदर दिसला.

तिथे थांबायचं होतं. पण खटका नीट चालतोय का हे एकदा तपासावं, म्हणून मी दार उघडं असतानाच त्यात स्क्रूड्रायव्हर घालून तो खाली दाबला. टक्, टक्. खटका झकास बसला. इतका झकास, की परत वर येईना. तो वर यायला हँडल ओढावं लागतं, हँडलला केबल लागते, आणि केबलचं टोक माझ्या पकडीत होतं. केबलशिवाय.

मी दार लावलं. ते धाडकन आपटून परत उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

"आता काय झालं?" मेधा.

"काही नाही. उघडत नव्हतं ना? आता उघडतंय."

"लागतंय का?"

"ते वेगळं."

सकाळी आईला गाडीत बसता येत नव्हतं, पण गाडी चालत होती. आता आई आरामात बसू शकत होती, पण गाडी नेता येत नव्हती. दीड तासाच्या मेहनतीने मी हा फरक घडवून आणला होता!

"दोरीने बांध," आई म्हणाली. "मी धरून बसते."

"आई, मोटरवेवर?" मेधा किंचाळलीच. "तुम्ही उडून जाल!"

मी म्हटलं, आधी मी एकटाच एक चक्कर मारून बघतो. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली, पाऊण तास गाठींशी झटून दाराचं हँडल सीटला करकचून बांधलं. दार उघडल्यावर मेधाने आईची पिशवी पुढच्या सीटवर आणून ठेवली होती, ती तिथेच राहिली. आमच्या गावात चौक नाहीतच, नुसते राउंडअबाउट. (इथला माणूस सरळ रेषेत चालायला लागला की लोक वळून बघतात.) पहिल्याच राउंडअबाउटला मी उजवीकडे वळलो, दोरी सुटली, दार पंख पसरावा तसं उघडलं आणि पिशवी बाहेर!

ब्लाउज प्लास्टिकमध्ये होता, तो वाचला. डबे मात्र फुटले. खोबऱ्याच्या वड्या रस्ताभर पसरल्या आणि शनिवारची सगळी रहदारी त्यांच्यावरून अत्यंत शिस्तीने, इंडिकेटर देऊन, गेली.

मी एका हाताने दार ओढून धरत घरी आलो. आई फाटकात उभी होती. तिने पिशवीत डोकावून पाहिलं. आत नुसता ब्लाउज होता.

"वड्या?"

"पडल्या, आई."

"असू दे," ती म्हणाली. मग घड्याळ बघून फक्त एवढंच, "नंदू, सव्वाबारा झाले रे."

मी ग्रॅहमकडे धावलो. त्यांच्या बायकोने दार उघडलं. ते बाराला बोल्स नावाचा चेंडूंचा खेळ खेळायला गेले होते आणि चहा झाल्याशिवाय येणार नव्हते. मग मी टॅक्सीला फोन केला. टॅक्सी एकला आली. पुढे मोटरवेवर रस्त्याचं काम चालू होतं. आई पुढच्या सीटवर ताठ बसून होती. मागे मी दर पाच मिनिटांनी "पोचतोय हां, आई" म्हणत होतो आणि ती दर वेळी "हो" म्हणत होती.

हाउन्सलोला पोचायला अडीच वाजले. दाराला कुलूप.

मावशीच्या मुलाचा, राजूचा फोन लागला. "अरे, वीस मिनिटं थांबलो आम्ही. ती निघायलाच तयार नव्हती. पण विमान..."

तसेच हीथ्रोला. डिपार्चर्सच्या दारात राजू एकटाच, रिकामी ट्रॉली घेऊन उभा. मावशीला व्हीलचेअर लावलेली, विमानतळाचा माणूस तिला दहाच मिनिटांपूर्वी सिक्युरिटीच्या आत घेऊन गेला होता. आता ती बाहेर येऊ शकत नव्हती आणि आम्ही आत जाऊ शकत नव्हतो.

राजूने फोन लावून आईच्या हातात दिला.

"कुमुद, मी आलेय गं. इथे बाहेरच आहे."

पलीकडचं मला नीट ऐकू येत नव्हतं. आई त्या काचेच्या दरवाज्यांकडे बघून बोलत होती, जणू मावशी तिथेच उभी आहे.

"मोरपंखी आहे. हो, कोपरापर्यंत बाही... तुला आवडते तशीच... बारीक झालीस? किती? अगं मग सांगायचं नाहीस का मापं देताना... नाही गं, दाबून दिला असता. घालून बघितला असतास तर इथल्या इथे टाके मारून दिले असते. सुई-दोरा आणलाय मी."

मग ती पिशवीतल्या ब्लाउजची घडी एका हाताने सारखी करत राहिली. फोन कानालाच होता. लोक बॅगा ओढत आईला वळसा घालून जात होते.

"नीट जा," आई शेवटी म्हणाली. "पोचलीस की फोन कर. रविवारीच करायला पाहिजे असं नाही."

राजूने ब्लाउज पोस्टाने पाठवला. सैल झाला. मावशी आता विमानप्रवास करणार नाही, आणि आईच्या डॉक्टरांनीही ती मिरजेला परतल्यावर लांबचा प्रवास बंद केला. म्हणजे त्या शनिवारी नाही ते नाहीच.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर आई मला रागावेल, निदान रडेल, अशी मी वाट बघत होतो. ती म्हणाली, "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस." यापेक्षा तिने चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मेकॅनिक आला. त्याने खटका चार मिनिटांत मोकळा केला, मग पॅनेल उलटसुलट करून बघितलं. "हे कोणी केलं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"आधीच्या मालकाने," मी म्हणालो.

"त्या माणसाच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नये."

मी मनापासून मान डोलावली. मेधा खिडकीतून बघत होती. तिनेही डोलावली.

आईची माफी मागायला मला सात महिने लागले. समोर असताना जमलं नाही, फोनवर मागितली. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी टॅक्सी बोलवायला हवी होती. खरं तर पहिल्याच शनिवारी तुला न्यायला हवं होतं."

ती म्हणाली, "हो, न्यायला हवं होतंस." मला बरं वाटलं. निदान ती खोटं बोलली नाही.

"पण आता मनाला लावून घेऊ नकोस. दिवाळीला येतोयस ना?"

"येतोय. काही आणू का?"

"काही नको. तू ये फक्त." मग जरा घुटमळून, "घरातला मिक्सर बंद पडलाय."

"मी आलो की बघतो!" मी उत्साहाने म्हणालो. प्रायश्चित्ताची एवढी सोपी संधी!

"नाही रे," आई घाईघाईने म्हणाली, "तू येतोयस म्हणून तर तो शेजारच्या देसाईंकडे नेऊन ठेवलाय."