टाच धरली की मामा हरले

आमच्या मामांना हरवण्याइतकं सोपं काम अख्ख्या कोल्हापुरात नव्हतं. म्हशीसारखी रुंद पाठ, मातीत घासून भज्यासारखे फुगलेले कान, आणि मान कुठं संपते नि खांदा कुठं सुरू होतो याचा पत्ता नाही. असा हा साठी ओलांडलेला डोंगर समोर बसला की नवखा दोन पावलं मागं सरायचा. पण त्याच नवख्यानं भीतभीत मामांची टाच काखेत धरली, नुसती धरली, पिळलीही नाही, की मामा तळव्यानं मॅटवर दोन थापा मारायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "सोड बाळा. हरलो!"

क्लासचा सगळा हॉल हसून लोळायचा. नवखा भांबावून म्हणायचा, "मामा, अजून पिळलं बी न्हाय की!"

"म्हणूनच घरी चालत जानार हाय न्हवं मी? तू हस. हस आणि चालत घरी जा."

त्यांचं खरं नाव नोंदणीपुरतं उरलं होतं. सगळे त्यांना सोडमामा म्हणायचे.

आता मी तिथं काय करत होतो, हा प्रश्न रास्त आहे. मी लग्नपत्रिका छापतो आणि हौशी नाटकांत राजाचं काम करतो. एका प्रयोगात सिंहासनावर बसताना माझ्या कमरेचा पट्टा भर दरबारात तुटला, प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला, आणि दुसऱ्या दिवशी बायकोनं माझं नाव उद्यमनगरातल्या क्लासात घातलं. टायरच्या गोडाऊनवर अझीम सरांचा हॉल. शिकवायचे ब्राझिलियन जिउ-जित्सू. ही आपल्या कुस्तीची परदेशातली चुलतबहीण, पण वळण उलटं. आपल्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपते. हिच्यात पाठ टेकल्यावर रंग भरतो. हात, पाय, मान, काहीतरी अडकवायचं आणि समोरच्यानं थाप मारेपर्यंत आवळायचं. थाप म्हणजे 'सोड'. थाप पडली की त्या क्षणी सोडायचं, हा तिथला एकमेव देव.

आणि इथंच कोल्हापूरचं घोडं अडायचं. तालमीत वाढलेला पैलवान पाठ देईल, दात देईल, पण 'सोड' म्हणणार नाही. मातीत पाठ लागली तर तो हरतो. 'सोड' म्हणाला तर त्याची तालीम हरते, गल्ली हरते, म्हशीचं दूध पाजणारी आई हरते. म्हणून तालमीतला कुणी नवा आला की अझीम सर त्याला काहीही शिकवायच्या आधी म्हणायचे, "पहिले मामांकडे जा."

एकदा मलकापूरचा एक पैलवान आला. पोरगा म्हणावा तर दरवाजाएवढा. सोडमामांनी त्याची टाच धरली, काखेत नीट बसवली आणि म्हणाले, "म्हण, सोड."

"का म्हणू? दुखत कुठं हाय?"

"दुखनार न्हाईच. म्हण."

"न्हाय म्हणत."

"बरं, ऱ्हाऊ दे," असं म्हणून मामा तसेच टाच धरून बसले. पिळलं नाही, सोडलंही नाही. त्याच्या घरच्या म्हशी किती दूध देतात ते विचारलं. आंबा घाटात पाऊस कसा आहे ते विचारलं. मला हाक मारली, "राजे, ते तुमचं दरबारातलं भाषण म्हणा की जरा!" मी कशाला सोडतोय? उभा राहिलो आणि खड्या आवाजात सगळं भाषण म्हटलं. बाकीच्यांचा सराव उरकला, कपडे बदलून झाले. पैलवान आडवाच. शेवटी त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मलकापूरची शेवटची एसटी आठवली, आणि रडकुंडीला येऊन ओरडला, "सोडा की वो मामा!"

मामांनी टाच अलगद खाली ठेवली. त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "शाबास. मेला न्हाईस न्हवं?"

मी पोट धरून हसत होतो. अझीम सर हसत नव्हते. मामांचे डोळेही हसत नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

क्लास सुटला की आम्ही गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचो. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात. मामांच्या ओठांवर फेसाच्या मिशा यायच्या. अशाच एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही एवढे नामी पैलवान. एवढं घाबरता कशाला टाचेला?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "राजे, हात पिळला की बोंबलतो. आदी दुखतो, मग मोडतो. गुडघा मुकं जनावर हाय. टाच पिळली की पीळ चढतो गुडघ्याला. त्ये बोलतच न्हाय. बोलतं तवा तुटल्यालं असतं." आणि मग म्हशीकडं बघत बघत त्यांनी संग्रामची गोष्ट सांगितली.

संग्राम त्यांचा मुलगा. मातीत तयार झालेला, बापापेक्षा चपळ. अझीम सरांचा हॉल सुरू झाला तेव्हा तो आधी तिथं गेला, आणि बापाला अभिमान वाटला की परदेशी खेळातही आपलंच पोरगं सगळ्यांना उचलून आपटतंय. पुण्यात एक स्पर्धा निघाली. तिच्यात टाच पिळायला परवानगी होती. अझीम सर म्हणाले, "यावेळी नको. पायाचे पेच आपण अजून शिकलेलो नाही." मामा म्हणाले, "पायाचं काय शिकवताय सर? जन्मभर पट काढलेत आमी." मातीत पट काढतात, म्हणजे पाय धरून पाडतात. मामांच्या लेखी पाय म्हणजे पाय.

समोर एक काटकुळा पोरगा आला. सलामी झाल्या झाल्या तो आपणहोऊन खाली बसला. कोल्हापूरकर हसले, "अरं, ह्यो तर बसला की!" बसल्या बसल्या त्यानं आपले दोन्ही पाय संग्रामच्या डाव्या पायाभोवती वेलीसारखे गुंडाळले आणि टाच कोपराच्या बेचक्यात घेतली. अझीम सर ओरडले, "टॅप कर, संग्राम! थाप मार!" संग्रामनं सरांकडं पाहिलं नाही. त्यानं बापाकडं पाहिलं.

"मी इचारलं, दुखतंय का? त्यानं मान हलवली, न्हाय. मग मी म्हटलं, फिर की मग! मातीत पाय धरला की आमी ताकदीनं फिरून सोडवतो. त्ये फिरलं."

मामांनी ओठांवरचा फेस पुसला. "उसाचं कांडं मोडतं तसा आवाज आला. त्या पोरानं तवाच सोडलं. त्येचंच तोंड पांढरं पडलं. पिळलं न्हवतं त्यानं, राजे. नुसतं धरलं हुतं. फिरलं आमचं."

ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, पण गुडघा पूर्वीचा झाला नाही. संग्राम शिरोळकडं गावी गेला, उसाची शेती बघायला. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायानं दाबायचा, आणि नेमका तोच पाय. बांधावर उतरून गुडघा चोळायचा, परत चढायचा. बापाला मात्र एका शब्दानं बोलला नाही. दिवाळीला यायचा, पाया पडायचा, जेवायचा, जायचा.

"त्यानं एकदा तरी म्हणावं की, आबा, तुमच्यामुळं झालं," मामा म्हणाले. "शिवी घालावी. त्ये काय बोलतच न्हाय. गुडघ्यागत."

त्यानंतर मला हॉलमधले मामा वेगळे दिसू लागले. ज्या खेळानं पोराचा पाय नेला त्याच खेळात म्हातारपणी नाव घालून, रोज कुणाकुणापुढं हरणारे. खालच्या जिन्यावर पावलं वाजली की त्यांची मान दाराकडं वळायची. संग्रामला त्यांनी निरोप धाडला होता, 'एकदा येऊन बघ, मी काय शिकवतोय.' जिन्यावरून यायचं ते कुणीतरी दुसरंच. मग मामा पाय पुढं करायचे, "धर."

यंदाच्या पावसाळ्यात मामांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात मी दुपारी दुधाचा थर्मास घेऊन जायचो. म्हशीचं नाव सांगितल्याशिवाय ते पीत नसत, म्हणून मी रोज नवीन नाव रचायचो. एका दुपारी गेलो तर खाटेजवळ स्टुलावर संग्राम बसलेला. डावा पाय लांब केलेला. पुराचं पाणी वाटेवर यायच्या आत शिरोळहून निघाला होता. मी कोपऱ्यात उभा राहिलो.

संग्रामनं बापाची चादर सारखी केली. मग मामा म्हणाले, "बोल की काय तरी."

संग्राम खिडकीकडं बघत होता. "काय बोलू आबा?"

"त्येच. जे बोलला न्हाईस त्ये."

त्याचा जबडा हलला. मला वाटलं, उठून जाईल. पण तो म्हणाला, अगदी हळू, "सर टॅप कर म्हणत हुतं. मला ऐकू आलतं. तुमी फिर म्हटलासा, म्हणून फिरलो मी."

"व्हय," मामा म्हणाले. "मीच म्हटलं."

"ट्रॅक्टरवर बसलो की रोज आठवतं, आबा. रोज."

"व्हय बाळा." मामांच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं, त्या भज्यासारख्या कानांत. पुसायला त्यांनी हात उचलला नाही. चेहरा मात्र असा सैल झाला होता, जसं कुणीतरी छातीवरून उठून बाजूला बसलं आहे.

संग्राम स्टूल सरकवून पायथ्याशी गेला आणि बापाचे पाय दाबू लागला. तालमीत वस्तादाचे दाबतात तसे, पोटरीपासून खाली. दाबता दाबता त्यानं डावी टाच तळहातात धरली. मामांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा हात चादरीवरून उचलला गेला आणि खाटेवर दोन थापा पडल्या, अगदी हलक्या.

संग्रामनं तत्क्षणी हात काढला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली आणि थर्मासचं झाकण घट्ट लावत बसलो, ते आधीच घट्ट होतं.

मामा त्याच आठवड्यात गेले. क्लास काही दिवस बंद राहिला. पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांच्या कोपऱ्यात कुणी बसेना. गगनबावड्याकडचा एक नवा पैलवान आला होता. तोही छाती पुढं काढून सांगत होता की आपण काय सोडबिड म्हणणार नाही. अझीम सरांच्या तोंडून सवयीनं निघालं, "पहिले मामांकडे..." आणि ते थांबले.

तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, कठड्याचा आवाज, पुढची पायरी. आम्ही सगळ्यांनी दाराकडं बघितलं. ज्यांनी बघायला हवं होतं ते तेवढे नव्हते.

संग्राम आत आला. चपला काढल्या, मॅटला हात लावून कपाळाला लावला, आणि मामांच्या कोपऱ्यात जाऊन बसला. चांगला पाय त्या पैलवानापुढं केला.

"धर."

पैलवानानं टाच काखेत घेतली. संग्रामनं मॅटवर दोन थापा मारल्या. "सोड. हरलो."

"अजून पिळलं बी न्हाय की वो!" पैलवान फिदीफिदी हसला.

"हस," संग्राम म्हणाला. "हस आणि चालत घरी जा."

क्लास सुटल्यावर संग्राम उठायला लागला. डाव्या गुडघ्यावर भार न टाकता जमिनीवरून उठणं ही मोठी कसरत असते. एकदा तो अर्ध्यावरून परत बसला. कुणी पुढं झालं नाही. पैलवानाला उठायला हात द्यायचा नसतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानं माझ्याकडं हात केला.

"राजे," तो म्हणाला, "जरा उठवा की मला."