थाळीला न दचकलेली पोर

“ठेव ते खाले. तुना हात नको.”

सासू एवढंच बोलली आणि माझ्या हातातला नारळ काढून घेतला. नणंदेचं डोहाळजेवण होतं. ती पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. गावातल्या सवाष्णी एकेक करून तिची ओटी भरत होत्या. मी घरची थोरली सून. ओटी भरायची माझी वेळ आली आणि हे झालं. ओसरी बायांनी भरलेली होती. सासूनं तो नारळ दुसरीच्या हातात दिला आणि काम पुढं चाललं.

पहाटेपासून चुलीपुढं मीच होते. पुरण मी वाटलं. खापरावर मांडे मी भाजले, पार कोपरापर्यंत चटके बसले. त्याला माझा हात चालला. ओटीला चालला नाही. वर सासूनं सांगितलं की बाया जेवून जाईपर्यंत पोरांना घेऊन मागं गोठ्यात बस, पुढं येऊ नकोस. मी गेले. बसले. अजून ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो, की मी गेले कशी.

माझा गुन्हा असा की माझी दोन्ही लेकरं बहिरी आहेत. मंगल थोरली, राजू धाकटा. ऐकू येत नाही म्हणून बोलताही येत नाही. नणंदेच्या पोटातल्या बाळावर माझ्या हाताची सावली पडू नये, म्हणून मी गोठ्यात.

आणि ही सासू कोण, तर माझ्या बापाची सख्खी बहीण. आमच्याकडं आत्याला फुई म्हणतात. मामाची पोर सून करून आणायची, ही आमच्या घरातली जुनी रीत. घरची पोर घरात, जमीनजुमलाही घरातच, देणंघेणं नाही. माझं माहेर शिरपूरकडं, फुईचं गाव धुळ्याकडं. लहानपणी मी तिच्या कडेवर बसून खेळले. पंधरा-सोळाची झाले तशी तिच्या थोरल्या पोराच्या गळ्यात माळ घातली. फुईची सासू झाली आणि तोंड बदललं.

मंगल झाली तेव्हा दाईनं रिवाजाप्रमाणं तिच्या उशाशी काशाची थाळी बडवली. आमच्याकडं बाळ जन्मलं की थाळी वाजवतात. बाळ दचकतं, रडतं, मग त्याची भीती गेली असं समजतात. मंगल दचकली नाही. नुसती छताकडं बघत राहिली. दाई खूश. फुई तर अंगणभर सांगत सुटली, “पोर धीरनी शे. थाळीलेबी दचकनी नही.” वर्षभर माझ्या लेकीच्या धीराचं कौतुक चाललं. ढग गडगडले तरी झोपमोड नाही, कुत्री भुंकली तरी नाही. जो येई तो म्हणे, गुणी पोर. मलाही वाटायचं, माझी लेक शूर. आम्ही सगळे मिळून एका बहिऱ्या लेकराला शूर म्हणत होतो.

दोन वर्षांची होऊनही ती “माय” म्हणेना, तेव्हा खरं काय ते कळलं. मग कौतुकाचं तोंड फिरलं. मंगल पोटात असताना ग्रहण लागलं होतं. फुईला एकदम आठवलं की त्या वेळी मी चुलीपाशी वांगी चिरत होते. मला आठवत नव्हतं. पण घरातल्या सगळ्यांना आठवायला लागलं. शेवटी मलाही वाटलं, चिरली असतील. रात्रंदिवस एकच गोष्ट कानावर पडली की माणूस ती खरी धरतो.

राजूच्या वेळी पुन्हा ग्रहण आलं. त्या वेळी मी असं ग्रहण पाळलं की गावात कुणी पाळलं नसेल. दार लावून सरळ पडून राहिले. कूस बदलली नाही. पाणी प्याले नाही. लघवी लागली तरी उठले नाही, डोळ्यांतून पाणी आलं तरी उठले नाही. पोटातल्याला सांगत होते, बाबा, मी काही चिरत नाही, काही कापत नाही, तू नीट ये.

राजू आला. दाईनं थाळी वाजवली. जोरात वाजवली. खोलीतल्या बायांनी पोरगा झाला म्हणून गलका केला. मी मात्र त्याच्या तोंडाकडं बघत होते. पापणी हलली नाही. त्या गलक्यात फक्त मला कळलं होतं. मी तोंडात पदर कोंबून रडले, आणि बाया म्हणाल्या, आनंदानं रडते.

तर त्या दिवशी गोठ्यात हेच सगळं डोक्यात फिरत होतं. पहिल्यांदा वांगी चिरली, मानलं. दुसऱ्यांदा तर काहीच चिरलं नव्हतं. मग मी काय केलं? पुढं बायांच्या जेवणाचा आवाज येत होता. मंगल गवताच्या काड्या मोडत बसली होती. मला बसवेना. उठून येरझाऱ्या घालायला लागले. मी काय केलं, हे मला कुणीतरी शहाण्या माणसानं सांगायला पाहिजे होतं.

आठवड्यातच मी नवऱ्याला म्हटलं, धुळ्याला मोठ्या दवाखान्यात जायचं. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाहीतर मी एकटी एसटीत बसते. तो आला. वाईट माणूस नाही तो. पण आईपुढं त्याची जीभ उचलत नाही.

डॉक्टरांभोवती शिकाऊ पोरंपोरी उभी होती. त्यांनी लेकरांचे कान तपासले. मग विचारलं, नवराबायकोचं आधी काही नातं? नवऱ्यानं सांगितलं, मामाची मुलगी. डॉक्टर शिकाऊ पोरांकडं वळले.

“बघा. गुराढोरांसारखी घरातल्या घरात लग्नं करायची आणि मग लेकरं घेऊन आमच्या दारात यायचं.”

पोरं हसली. डॉक्टर त्यांना इंग्रजीत समजावायला लागले. माझ्याच पोरांकडं बोट दाखवून, माझ्याच पोटाची गोष्ट, आणि मला एक अक्षर कळेना. शिपाई म्हणाला, झालं, चला बाहेर. नवरा उठला. मी उठले नाही. गोठ्यात गेले होते तशी या वेळी जायचं नव्हतं.

“साहेब, गुरं म्हणा, काही म्हणा. पण जे सांगताय ते मला सांगा. पोरं माझी आहेत.”

ते थांबले. चिडले होते, पण बोलले. घरात आधी कुणी बहिरं होतं का, विचारलं. मी नाही म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला मुका काका आठवला. माझ्या बापाचा आणि फुईचा धाकटा भाऊ. बैल राखायचा, खुणांनी बोलायचा, तरणाच वारला. त्याला सगळे मुका म्हणत. देवाचा कोप झाला म्हणून वाचा गेली असं सांगत. तो बहिरा होता हे कधी कुणाच्या मनात आलं नाही. मी त्याचं सांगितलं.

मग डॉक्टरांनी सांगितलं. दोष रक्तातून येतो. एकाच बाजूनं आला तर लपून राहतो, माणूस चांगला ऐकतो, बोलतो. दोन्ही बाजूंनी आला तर मूल बहिरं होऊ शकतं. तुझ्या आजा-आजीकडून तो तुझ्या बापाकडं आला, बापाकडून तुझ्याकडं. त्याच आजा-आजीकडून तुझ्या आत्याकडं आला, आत्याकडून तुझ्या नवऱ्याकडं. ग्रहणाचं विचारलं, तर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही.

मी विचारलं, म्हणजे माझ्या सासूच्या रक्तातही आहे? ते म्हणाले, तुझ्यात आहे तेवढाच.

परतताना एसटीत मी रडले नाही. नवरा खिडकीबाहेर बघत होता. मला ओरडून सगळ्या गाडीला सांगावंसं वाटत होतं.

घरी सांगितलं. फुई म्हणाली, डॉक्टरला काय कळतं. आणि चारच दिवसांत ती माझ्या माहेरी गेली, माझी धाकटी बहीण बेबी आपल्या धाकट्या पोराला मागायला. बहिऱ्या लेकरांचं घर म्हणून माझ्या दिराला बाहेरून कुणी पोर देईना. फुई बापाला म्हणाली, तुझी एक पोर खराब निघाली, आता दुसरी चांगली दे. आणि माझा बाप हो म्हणाला. खाली मान घालून. माझी भरपाई म्हणून बेबी. बेबी तेव्हा दहावीत होती.

मी बापाकडं गेले, पाया पडले, डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, बहिणीचं मन कसं मोडू. माय म्हणाली, तू गप राहा, आधीच पुष्कळ झालं. बेबी दाराआड उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पाहिला आणि ठरवलं.

सुपारी फोडायच्या दिवशी माहेरच्या अंगणात दोन्हीकडचे पाहुणे बसले होते. मधे काशाची थाळी, तिच्यात हळदकुंकू, नारळ, सुपाऱ्या. मला मागच्या घरात बसायला सांगितलं होतं. मी राजूला कडेवर घेतलं, मंगलचा हात धरला आणि सरळ मधे गेले. पोरांना पाहुण्यांकडं तोंड करून बसवलं. थाळीतलं सगळं सतरंजीवर ओतलं. कमरेला खोचून आणलेलं लाटणं काढलं आणि पोरांच्या पाठीमागं ती थाळी बडवायला लागले. सगळी ताकद लावून. पाहुणे दचकले. दारातली वासरं उधळली. माझी लेकरं सांडलेल्या सुपाऱ्यांशी खेळत राहिली.

मग थाळी खाली ठेवली.

“फुई, हाई रगत तुनंबी शे, मनंबी शे. मना मुका काका तुना भाऊ व्हता. मनी बहीण तुना घरमा देवानी नही.”

फुई पांढरी पडली. बापानं हात उगारला, पण उगारलेलाच राहिला. दिराकडचे वडीलधारे एकमेकांकडं बघत उठले. सुपारी फुटली नाही.

त्याची किंमत मी मोजली. माहेर तुटलं, बाप मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. सासरी वेगळी चूल मांडावी लागली. नवरा माझ्या बाजूला आला, पण फार उशिरा. लेकरांना मी जळगावला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत राहायला ठेवलं, तेव्हाही गाव म्हणालं, आई कशी दगडाची.

आता परवा फुईचा निरोप आला. त्या डोहाळजेवणाचा नणंदेचा मुलगा आता मोठा होतोय, मंगलपेक्षा लहान असला तरी चालेल. मंगलला बाहेर कोण करणार? दया म्हणून आम्हीच करून घेऊ, घरची पोर घरात.

तीच रीत. पुन्हा माझ्याच दारात.

निरोप आणणाऱ्याला मी चहा पाजला आणि सांगितलं, मंगलचं लग्न झालं तर नात्याबाहेर होईल, नाही झालं तर होणार नाही. दयेवर माझी पोर जाणार नाही. आणि फुईला हेही सांग म्हटलं, की आपल्या भाऊबंदात जिथं जिथं मामाच्या पोरीची सुपारी ठरेल तिथं मी येणार. बोलावलं नाही तरी येणार. माझी दोन्ही लेकरं घेऊन येणार, आणि मागं गोठ्यात नाही, पुढं पाहुण्यांच्या मधे बसणार. थाळी मी घरून आणीन.