साडूंनी ठरवलेल्या खोल्या

पृथ्वी करण्याआधी परमेश्वराने माझ्या थोरल्या साडूंचा सल्ला घेतला असता, तर ती आजही कागदावरच असती. समुद्र कुठे ठेवायचा याचे साडूंनी तीन पर्याय काढले असते, तिन्हींचे तोटे लाल शाईने लिहिले असते आणि शेवटी "तूर्त डोंगरांचं बघू" म्हणून चहा मागवला असता. हा गृहस्थ चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या भावाभावांच्या हद्दी ठरवता ठरवता, जी गोष्ट पटकन ठरली ती चुकलेलीच असणार, असा त्यांचा पक्का समज झाला. इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात तीन मीटरची टेप असते. एकदा मुंबईहून येताना आम्ही हातखंब्याला जेवायला थांबलो. पंख्याखालच्या टेबलावर भात गार होतो, दाराजवळ धूळ येते, मोरीजवळ वास येतो आणि चौथ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, असा शोध घेत आम्ही दोघं पाचव्या टेबलाशी पोचलो, तेव्हा त्यांची बायको आणि माझी बायको पहिल्याच टेबलावर जेवून हात धुऊन आल्या होत्या. मालक शांतपणे म्हणाला, "बसा हो काका आता कुठेही. सुरमई संपली. कुठेही बसलात तरी आमटीच आहे."

आरे-वारेला पाहुणे घेऊन गेलो की सगळे पाण्यात उतरतात. साडू मात्र गाडी कुठे लावणं योग्य, याचा विचार करत वर रस्त्यावर थांबतात आणि आम्ही ओले होऊन परत येईपर्यंत तो विचार संपत नाही. स्वतःचं घर बांधताना समुद्राच्या बाजूची खिडकी त्यांनी विटांनी बुजवून घेतली. कारण काय, तर खाऱ्या वाऱ्याने कड्या गंजतात. कड्या गंजल्या नाहीत, कारण खिडकीच राहिली नाही. या सगळ्यावर ताईचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं, एकच उत्तर असायचं, "ठीक आहे." छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या साड्यासुद्धा साडूंनीच निवडल्या. बहुतेक तपकिरी, कारण त्यावर डाग दिसत नाही. माझी बायको म्हणते, "ताईवरही डाग दिसत नाहीत. म्हणून भाऊजींना वाटतं, पडतच नाहीत."

ताईला साठ पूर्ण होणार होती, तेव्हा त्यांच्या मुलीने, मुग्धाने, बंगळुरूहून सगळ्यांसाठी जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, चार रात्री जहाजावर काढायच्या आणि परत यायचं. साडू-ताई, आम्ही नवरा-बायको, मुग्धा, तिचा नवरा आणि सात वर्षांची सई, असे सात जण. मुग्धा हुशार मुलगी, पण तिच्या हातून एक चूक झाली. जहाजाचा नकाशा फोनवर पाठवून तिने खाली लिहिलं, "बाबा, तीन खोल्या कुठल्या घ्यायच्या ते तुम्ही सांगा. संध्याकाळचे कार्यक्रमही आधीच नोंदवायचे आहेत, तेही बघा."

साडूंनी तो नकाशा झेरॉक्सच्या दुकानात नेऊन चादरीएवढा मोठा करून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यानंतर बारा दिवस त्या घरातली माणसं स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवली. मला बोलावणं आलं, ते सल्ल्यासाठी नव्हे. पंचनाम्याला पंच लागतात, म्हणून. "श्रीकांतराव, हे बघा," साडू पट्टी फिरवत म्हणाले, "या खोलीच्या डोक्यावर व्यायामशाळा. वर कोणी उड्या मारल्या की खाली झोप नाही. ही लिफ्टशेजारी. हिच्याखाली यंत्रं. आणि या ओळीतल्या खोल्यांची दारं समोरासमोर, म्हणजे कोणाचंही दार उघडलं की आपली पथारी चव्हाट्यावर." जहाजात हजारभर तरी खोल्या असाव्यात. त्यातल्या नऊशे नव्वद त्यांनी माझ्यासमोर नापास केल्या. अधूनमधून ते कंपनीच्या कचेरीत फोन करत. तिथली मुलगी आवाज ओळखू लागली होती. "बोला, रत्नागिरी," एवढंच म्हणायची. एकदा त्यांनी तिला विचारलं, अमुक खोलीतल्या पलंगाचं डोकं दक्षिणेला येतं का. ती म्हणाली, "सर, जहाज वळतं." साडूंनी फोन खाली ठेवला आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. जाताना उशी एका टोकाला आणि येताना दुसऱ्या टोकाला.

ताई चहा घेऊन आली, तेव्हा नकाशाच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, "ही बाहेर बाल्कनी असलेली खोली बरी वाटते. सकाळी उठून समुद्र दिसेल."

"समुद्र काय बघायचा?" साडू म्हणाले. "मांडवीला जाऊन बस, हवा तेवढा दिसेल. आपल्याला खोली हवी ती मधली, जिन्याजवळची. ती हलत नाही."

"ठीक आहे," ताई म्हणाली आणि कप उचलून गेली.

अशा रीतीने आमच्या वाट्याला तीन बिनखिडकीच्या खोल्या आल्या. संध्याकाळच्या कार्यक्रमांचीही त्यांनी तशीच मोजणी केली. जादूचे प्रयोग बाद. "हातचलाखी मी चौतीस वर्षं बांधावर पाहिली, तीही एका रात्रीत बांध सरकवणाऱ्यांची." नाच बाद, कारण आवाजाने छातीत धडधडतं. हाउजी बाद, कारण आकडे दुसराच माणूस काढतो. तिसऱ्या संध्याकाळी उघड्या डेकवर जुन्या गाण्यांची मैफल होती आणि प्रवाशांपैकी कोणालाही गाता येणार होतं. तो नेमका ताईचा वाढदिवस. ताई लग्नाआधी फार चांगली गायची, याची माझ्या बायकोने साडूंना आठवण करून दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी 'जहाज कसे चालते' या विषयावरचं व्याख्यान नोंदवलं. ते बंद सभागृहात होतं, दोन दारं असलेल्या. घरी येताना माझी बायको रस्ताभर माझ्या चार पावलं पुढे चालत होती. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "हा ताईचा वाढदिवस आहे की भाऊजींची खातेनिहाय चौकशी?"

जहाजावर चढताना साडूंनी शिडीचा कठडा असा धरला होता, की मागच्या रांगेला वाटलं, ते तोही मोजतायत. दुपारी सगळ्या प्रवाशांना एकत्र करून, संकटसमयी काय करायचं ते दाखवलं. लोक हसत-खिदळत नारिंगी जाकिटं घालून फोटो काढत होते. साडूंनी पट्टे तीनदा तपासले, सईचे चारदा, आणि सगळ्यांनी जाकिटं परत केल्यावरही स्वतःचं अंगावर ठेवून ते जेवायला आले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना कर्मचारी समजून पाणी मागितलं. त्यांनी आणूनही दिलं.

जेवण झाल्यावर त्यांनी खोली मोजली. पत्रकात लिहिली होती त्यापेक्षा ती चार इंच कमी भरली. साडूंचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, 'विषय : खोलीच्या मोजणीतील तफावत', आणि मला पंच म्हणून घेऊन स्वागतकक्षावर गेले. तिथल्या मुलीमागे फोन वाजत होते आणि आमच्यामागे रांग वाढत होती. तिने अर्ज वाचला, काहीतरी टाइप केलं आणि हसून म्हणाली, "सर, वर बाल्कनीची एक खोली रिकामी आहे. ती तुम्हाला देतो. जास्तीचे पैसे नाहीत." साडूंनी आयुष्यभर लोकांचे अर्ज घेतले होते, पण दहा मिनिटांत मंजूर झालेला अर्ज त्यांनी पाहिला नव्हता. "इतक्या लवकर देतायत," ते कुजबुजले, "म्हणजे त्या खोलीत दोष असणार. नको म्हणून सांगू या."

ताई मागेच उभी होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिने पुढे होऊन त्या मुलीच्या हातातून खोलीचं कार्ड घेतलं. "मी जाते," ती साडूंना म्हणाली. "तुम्हाला यावंसं वाटलं की या." तिचा आवाज नेहमीचाच होता. ज्या आवाजात ती 'ठीक आहे' म्हणते, तोच. म्हणून साडूंना ते कळायला थोडा वेळ लागला. तोवर ती बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरली होती, आणि सई तिच्यामागे धावत गेली होती.

पुढचे दोन दिवस हे दाम्पत्य जहाजाच्या दोन मजल्यांवर राहिलं. भांडण नव्हतं. जेवायला सगळे एकत्र येत. ताई त्यांना ताटात काय हवं-नको ते आणून देई. त्या कंपनीने मांडलेल्या चाळीस पदार्थांपुढे साडूंना एकटं सोडलं असतं, तर ते उपाशी राहिले असते. जेवण झालं की ती वर जाई, हे खाली. एकदा मी वर गेलो, तर ताई बाल्कनीत खुर्ची टाकून नुसती बसली होती. हातात विणकाम नाही, भाजी नाही, काही नाही. "श्रीकांतराव," ती म्हणाली, "रत्नागिरीत जन्म गेला, पण समुद्राकडे बसून बघायला वेळच झाला नाही हो."

वाढदिवसाच्या संध्याकाळी ताईने सरळ सांगितलं, "मी गाण्याला जाणार. ज्यांना यायचंय त्यांनी या." आम्ही सगळेच गेलो. साडू व्याख्यानाला गेले. ताईचं नाव पुकारायची वेळ झाली, तेव्हा माझ्या बायकोने मला खाली पिटाळलं. "त्यांना घेऊन या. नाही आले तर ओढून आणा." सभागृहात अंधार होता. श्रोता एकच आल्यामुळे व्याख्यान रद्द झालं होतं. साडू त्या बिनखिडकीच्या खोलीत पलंगावर बसलेले सापडले, समोर तो चादरीएवढा नकाशा. मला रागच आला. "अहो, बायको साठ वर्षांची झाली, वर गायला उभी राहत्येय, आणि तुम्ही इथे भिंतीकडे बघत बसलाय. माणसाने चिकित्सक असावं, पण किती?"

ते नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "या खोलीपासून वरच्या जीवरक्षक होडीपर्यंत एकशे बारा पावलं. सईच्या खोलीपासून शहाण्णव. तुमच्या खोलीपासून एकशे चार. गाण्याच्या जागेपासून मला नीट धरता आली नाहीत. तिथे खुर्च्या कुठे मांडतात ते नकाशात नाही."

मी खाली बसलो.

"नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट," ते म्हणाले. "दापोलीकडच्या एका खाडीपलीकडे मोजणी होती. होडीत आम्ही तिघं. नाखवा, मी आणि मोजणीची लोखंडी साखळी धरणारा शिपाई. सामान जड. मी त्याला म्हटलं, तू त्या बाजूला बस, म्हणजे वजन सारखं होईल. मधे होडी कलंडली. साखळी त्याच्या अंगावर आली. त्याला पोहता येत होतं, श्रीकांतराव. मला येत नव्हतं. मला नाखव्याने काढलं." नकाशाची घडी घालत ते म्हणाले, "जागा मी ठरवली होती."

"ताईला माहीत आहे?"

"नाही. लग्नाआधीचं आहे. तिला कशाला?"

एवढी वर्षं मी या माणसाच्या नकला करून पाहुण्यांना हसवत आलो होतो. मी म्हटलं, "चला, पावलं आपण मोजत जाऊ." आणि खरोखरच ते मोजत आले. माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते. डेकच्या काचेच्या दाराशी मात्र ते थांबले. बाहेर वारा होता, दिवे होते आणि ताई गात होती. मोतिया रंगाची साडी होती, मुग्धाने आणलेली. आवाज मध्येच चिरकत होता, पण ती थांबत नव्हती. साडूंनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. गाणं संपल्यावर ताईने त्यांना पाहिलं. टाळ्या चालू असतानाच ती एक खुर्ची ओढत दाराशी आली, ती उंबऱ्याच्या आत ठेवली आणि दुसरी बाहेर ठेवून स्वतः त्यांच्याशेजारी बसली.

"ऐकू येतंय ना इथून?" तिने विचारलं.

"येतंय," साडू म्हणाले. "मधल्या कडव्यात जरा घाई झाली."

यंदा ताई पुन्हा जहाजाने गेली, अंदमानला. सोबत माझी बायको आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या चौघी. खोली तिने स्वतःच निवडली. साडूंना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुला बरी वाटेल ती घे." स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघं गेलो होतो. जहाज सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंचा फोन आला. "श्रीकांतराव, जेवायला इकडेच या. भात मी लावतो." भात जरा कच्चा होता. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवत होतो. ताक वाढता वाढता त्यांनी विचारलं, "तिकडे वारा असेल का हो आज?"

मला त्यातलं काहीही कळत नाही. मी म्हटलं, "नाही. तिकडे सगळं शांत आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि भात कालवू लागले.